रविवारी येऊ नकोस, दादा

मंगळवार, १२ ऑगस्ट
वसतिगृह, दुसरा मजला

प्रिय दादा,

तू आणि बाबा बरे आहात असं धरून चालते. माझी तब्येत ठीक. जेवण बेचव, पण पोटभर. खोलीत सकाळचं ऊन येतं. झाली खुशाली सांगून.

आता मुद्द्याचं. रविवारी गाडी घेऊन मला न्यायला येऊ नकोस. हो, शनिवारी फोनवर मीच हमसून हमसून रडले, मीच म्हणाले, "मला घेऊन जा." फोनवरच नाही म्हटलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं. म्हणून कागद.

तुझ्याशी बोलल्यावर मी लगेच बॅग भरायला घेतली. माझी रूममेट, जिला सगळ्या चष्मिस म्हणतात, कॉटवर वाचत होती. तिला पंखा लागतो, मला सोसत नाही. त्यावरून पहिल्याच दिवशी वाजलेलं, त्यामुळे बोलणं जेवढ्यास तेवढं.

"चाललीस?"

"हो. कायमची."

"घरी कोण असतं?"

"आई," मी पटकन म्हणाले.

दादा, मार्चमध्ये आई गेली, आपण दोघांनी मिळून तिचं कपाट आवरलं, आणि माझ्या तोंडून हे!

मी तिथेच फरशीवर फतकल मारली. मला ज्या घराची आठवण येते ना, तिथे ती ओट्याशी उभी असते. मी दारातून आत आले की पाठमोरीच म्हणते, "आलीस? हात धू आधी." तुझी गाडी मला त्या घरी नेऊ शकत नाही.

चष्मिसला सगळं सांगितलं. तिने पंखा बंद केला आणि घामाघूम होईस्तोवर माझ्याशेजारी बसून राहिली. मग आम्ही दोघींनी बॅग रिकामी केली.

आत्यालाही सांग. तुझ्या हातून फोन घेऊन ती म्हणाली होती, "ये गं बाई, घराला बाईमाणूस हवंच. बाप नि भाऊ उपाशी मरतायत." तेव्हा मी "हो" म्हटलं. आता नाही म्हणते. दोन धडधाकट माणसं घरात असताना उपाशी कसली मरतात? तू भात लावायला शीक. बाबांना भाजी चिरायला बसव. हात कामात असले की ते थोडं बोलतात. आईच्या जागेवर मला उभी करू नका. ती जागा रिकामी आहे, तर रिकामी दिसू दे.

मी इथे रडणार आहे. वर्गात, जिन्यात, वाटेल तिथे. रडत रडत शिकेन, पण शिकेन.

सुट्टी लागली की येईन. त्या दिवशी स्वयंपाक तू करायचास. करपला तरी नावं ठेवत खाईन.

बाबांना हे सगळं वाचून दाखव. मध्येच काही गाळलंस तर बघ.

तुझी,
रडूबाई. मुक्काम इथेच.