अर्ध्यावर सोडलेली वाक्यं

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय घुम्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, विभागप्रमुखही कुरकुरतात, मी दोघांनाही भीक घालत नाही. तुझ्या बायकोने विणलेला स्वेटर अंगाला बरोबर बसला, तिला आवर्जून सांग. बाह्या जरा लांब आहेत, ते सांगू नकोस.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

परवाच्या सभेला मी आले होते. नेहमीसारखी शेवटच्या रांगेत, मांडीवर रेकॉर्डर घेऊन. तू पाहिलंस आणि नजर चुकवलीस. शेजारी डायलिसिस वॉर्डातल्या सिस्टर बसल्या होत्या, त्या काही नजर चुकवणाऱ्यातल्या नव्हेत. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नक्की आमच्यातल्या, की आमच्यावर लिहिणाऱ्या?" मी हसून वेळ मारून नेली.

भाषण छान झालं तुझं. तेच मला खुपतंय.

लोकांची भाषणं ऐकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. चळवळीतली माणसं कशी बोलतात, ऐकणारे कशाने उठतात आणि कशाने बसतात, हे मी वर्गात शिकवते. त्यात एक अख्खा तास तुझा असतो. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, बोलायच्या नावाने शंख, तरी गावातला डायलिसिस वॉर्ड बंद होऊ नये म्हणून माइकसमोर उभा राहतो. कॉलर ओढतो आणि म्हणतो, "म्हणजे आता या माणसांना तिकडे गावाबाहेर..." पुढचं सुचत नाही. तेवढ्यात समोरून कुणीतरी ओरडतं, "कोण नेणार?" वाक्य लोक पुरं करतात, म्हणून ते लोकांचं होतं. यावर मी निबंध लिहिलाय. तो आता छापून येतोय आणि माझी बढतीही त्यावरच अडकली आहे.

परवा तू एकही वाक्य अर्धवट सोडलं नाहीस. लोकांनी टाळ्यांच्या जागी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या आवरल्या आणि मुकाट घरी गेले. कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायला तू जागाच ठेवली नव्हतीस.

"तुम्ही आजवर दाखवलेल्या संयमाला तोड नाही." हे तुझं वाक्य? जेवायला उशीर झाला की ताट आपटणारा तू, तुझ्या तोंडी संयम कधीपासून आला? आणि "व्यवस्थापनाच्याही अडचणी आपण समजून घेऊया"? नेते लोकांच्या संयमाचं कौतुक केव्हा करू लागतात, हेही मी वर्गात शिकवते. माघार आधीच ठरलेली असते तेव्हा.

मग लिहून कुणी दिलं? आधी तुमच्या समितीच्या वकीलसाहेबांवर संशय घेतला, पण ते बिचारे भाषणभर तोंड उघडं टाकून तुझ्याकडे बघत होते. मग तुझ्या बायकोवर घेतला आणि स्वेटर आठवून लाजले. शेवटी हॉस्पिटलचे व्यवस्थापक डोळ्यांसमोर आले. सभा संपल्यावर त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू तो झटकला नाहीस.

एवढ्यावरही मी स्वतःचीच समजूत काढली असती. पण काल आईशी बोलले. किती खूश होती! "पुढच्या महिन्यापासून मी डायलिसिसला गावाबाहेरच्या नव्या हॉस्पिटलात जाणार. गाडी दारात येणार, परत आणून सोडणार. घुम्याने केलंय सगळं. कुणाला बोलू नकोस म्हणालाय."

मी विचारलं, "आणि शिंपीकाका?" वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवरचे. तिचं शब्दकोडं सुटलं नाही की सुई टोचलेल्या हाताने पेपर धरून मदत करणारे.

तिने गाडी किती वाजता येणार ते पुन्हा एकदा सांगितलं. मग म्हणाली, "त्यांचंही काहीतरी बघितलंच असेल गं त्याने."

बघितलंयस का?

गुडघा आणि स्वेटर यांच्याबद्दल मी एवढं लिहीत बसले, ते हे लिहायचं टाळायला. आईचं ऐकून मला आधी हायसं वाटलं, घुम्या. राग मागाहून आला. आणि रागातही पहिला विचार आला तो माझ्या निबंधाचा. आता सिस्टरना काय उत्तर देऊ, सांग. आठवड्यातून तीनदा आईला जिने उतरवून नेतोस तू. मी सुट्टीत येते, तीही रेकॉर्डर घेऊन. तुला विकला गेलास म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि गप्पही बसवत नाही.

माझा संशय खोटा असेल तर फोन करून मनसोक्त शिव्या घाल. मी आनंदाने खाईन.

वॉर्ड बंद होऊ द्यायचा की नाही, यावर रविवारी सभेत हात वर करून मतं घेणार आहात म्हणे. मी पहिल्या रांगेत बसेन, रेकॉर्डर घरी ठेवून. तू पुन्हा तसंच घडाघडा बोललास, तर मी उठून सगळ्यांसमोर आईच्या गाडीबद्दल विचारेन. आई माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी विचारेन. अडखळलास, तर इतरांबरोबर उरलेलं वाक्य मीही ओरडेन.

तोवर एक वाक्य तुझ्यासाठी सोडतेय. मघापासून पुरं करायला बघतेय, मला जमत नाही. तू आईजवळ राहतोस, तूच कर.

आईची गाडी परत पाठवायची, तर आईला...

अजून तरी तुझीच,
ताई