मागच्या खुर्चीचा बंदोबस्त

२ सप्टेंबर
घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओची साइट बंद करायची. निर्णय पक्का. कारण, मुलीची परीक्षा. घरात चर्चा केली, म्हणजे मी बोललो. मुलगी म्हणाली की ती सगळं फोनवरच बघते, त्या डब्याला तिने वर्षभरात हात लावलेला नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी ठणकावलं. मग तत्त्व फोनवर का नाही चालत, असं तिने विचारलं. उद्धटपणा या साइटमुळेच येतो, हे सिद्ध झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. आणखी एक किरकोळ कारण आहे. माझी शनिवारची व्याख्यानं वाचनालय त्या साइटवर टाकतं. त्याखाली 'मागची खुर्ची' असं नाव घेऊन कोणीतरी हरामखोर लिहितो. 'विवेकाची मशाल' या व्याख्यानाखाली त्याने लिहिलं आहे: "मशाल पेटवायला पाऊण तास लागला. तोवर उजाडलं."
मी असल्या गोष्टी मनाला लावून घेत नाही. फार तर वीस वेळा वाचलं असेल. संकल्प: यापुढे एकदाही नाही.

४ सप्टेंबर
कॉम्प्युटरवाला येऊन गेला. कोणत्या साइट बंद करायच्या, हे त्याने दार लोटून, आवाज उतरवून विचारलं. मी खणखणीत आवाजात उत्तर दिलं. समाज दारं लोटून बोलतो म्हणूनच सडतो. त्याने दार परत उघडलं आणि काम उरकलं. पासवर्ड मीच टाकला. घरातल्या कोणाच्या स्वप्नातही येणार नाही असा आहे: 'वक्ता' आणि पुढे माझं जन्मवर्ष.
आमची ही दुपारी वकिलाचे करारनामे टाइप करायला बसली तेव्हा तिला सांगितलं. तिची बोटं थांबली. "पूर्ण बंद?" म्हणाली. मी म्हटलं, मुळापासून. "बरं," म्हणाली आणि पुढे टाइप करू लागली. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तेव्हा तिचा प्रश्नच येत नाही.

९ सप्टेंबर, शनिवार
व्याख्यान: 'शिस्त आणि समाज'. उत्तम झालं. ही नेहमीप्रमाणे दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत. गुडघ्यामुळे तिला पाय लांब करून बसावं लागतं. आवाज शेवटपर्यंत पोचतो की नाही हे कळावं म्हणून ती तिथे बसते, असं मी लोकांना सांगतो.
वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले की यंदाचं वार्षिक व्याख्यान एकतर मला, नाहीतर निवृत्त हेडमास्तरांना. आठ वर्षं या व्याख्यानाची वाट बघतो आहे. हेडमास्तर इतकं हळू बोलतात की लोकांना पुढे झुकून ऐकावं लागतं. मग लोकांना वाटतं, आपण तल्लीन झालो.

१० सप्टेंबर
व्याख्यान साइटवर आलं. शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवणं कर्तव्य आहे, म्हणून पासवर्ड टाकून पाहिलं. उभ्यानेच पाहिलं, त्यामुळे संकल्प मोडला असं होत नाही. नंतर लगेच परत बंद केलं.
मागच्या खुर्चीचं एक अक्षर नाही.

१३ सप्टेंबर
अजून नाही. पुन्हा दोनदा पाहिलं (उभ्यानेच). इकडे मी साइट बंद केली आणि तिकडे त्याची वाचा बसली. ठाम माणसाचा धाक लांबवर पोचतो तो असा.
आता माणूस ओळखायचा. जुने शेरे काढून अभ्यास केला. एक: "मागच्या वेळी 'वणवा' होता, आता 'ज्वाला' झाली. वाक्य तेच." एवढं पाठांतर मास्तरालाच असतं. मी हिला विचारलं की तुझ्या तरी हे लक्षात आलं होतं का. ती म्हणाली, "दोन्ही मीच टाइप केलीत, मला काय विचारता." म्हणजे जी टाइप करते तिच्याही जे लक्षात आलं नाही, ते याने पकडलं.
दोन: "डाव्या भुवईचा सराव बाथरूमच्या आरशात चांगला झालेला दिसतो." आमच्या बाथरूमचा आरसा हेडमास्तरांना कसा ठाऊक? बराच विचार केला. तेही बाथरूममध्येच सराव करत असणार. चोर सापडला.

१६ सप्टेंबर, शनिवार
आज भर सभागृहात हेडमास्तरांचा बुरखा फाडला. माझ्याच व्याख्यानात, मध्यावर, विषय सोडून. भ्याड, बुरखाधारी, मागच्या खुर्चीतला विंचू, सगळं म्हणालो. वाक्यं आपोआप येत होती.
हेडमास्तर सावकाश उठले. हळू आवाजात म्हणाले, "माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. तुम्ही उभे राहिलात की मी ती काढून खिशात ठेवतो. आजवर तुमचा एक शब्द मी ऐकलेला नाही. आत्ता सगळे माझ्याकडे बघायला लागले म्हणून परत घातली."
एवढं हळू बोलले, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. हसू पार दारापर्यंत पोचलं. ही खाली मान घालून पिशवीत काहीतरी शोधत होती. तिचे खांदे हलत होते. बिचारीला रडू आवरेना.

१८ सप्टेंबर
वार्षिक व्याख्यान हेडमास्तरांना. अध्यक्षांनी फोनवर कळवलं. मी म्हटलं, माझा श्रोतृवर्ग हे सहन करणार नाही. अध्यक्ष म्हणाले की त्यांनी मुद्दाम तपासून पाहिलं. माझे व्हिडिओ दोनच माणसं उघडतात. त्यातला एक मी असावा असा त्यांचा अंदाज आहे. आणि दुसऱ्यानेही या महिन्यात सोडलं.
फोन ठेवला. पाणी प्यायलो.

२० सप्टेंबर
विचार करतो आहे. 'मशाल पेटवायला पाऊण तास' असं लिहायला पाऊण तास ऐकावं लागतं. भुवई बघायला चेहऱ्याकडे बघावं लागतं. त्या नीच माणसाने माझं एकही वाक्य सोडलेलं नाही.

२१ सप्टेंबर
साइट सुरू केली. मुलीला सांगितलं की तिच्यावर विश्वास टाकतो आहे. ती म्हणाली, "कशाबद्दल, बाबा?"
व्हिडिओखाली 'एक रसिक' या नावाने लिहिलं: "मागची खुर्ची कुठे आहेत? त्यांच्या परखड मतांची वाट पाहतो." उत्तर नाही. संध्याकाळी 'दुसरा रसिक' या नावाने पहिल्या रसिकाला दुजोरा दिला. तरी नाही.

२४ सप्टेंबर
नवं व्याख्यान सांगत होतो, ही टाइप करत होती. "अज्ञानाच्या अंधाराला जाळणारा वणवा," मी म्हणालो. ती न थांबता म्हणाली, "जूनमध्येही वणवाच होता. या खेपेला ठिणगी घाला, निदान लवकर विझेल."
मी खाली बसलो. विचारलं, "तू?"
"हो," म्हणाली. मान वळवली नाही.
का, असं विचारलं. म्हणाली, "घरी तुम्ही बोलू देत नाही. हॉलमध्ये बायकोने बोलायचं नसतं. व्हिडिओखाली जागा होती."
मला राग यायला हवा होता. मी विचारलं ते भलतंच: मग थांबलीस का? साइट बंद होती म्हणून?
"पासवर्ड पहिल्याच दिवशी कळला. वक्ता आणि जन्मवर्ष, तुमचं दुसरं काय असणार. मनात आलं, आठवडाभर बघू नये. नाही बघितलं. डोकं दुखायचं थांबलं. गेले दोन शनिवार हॉलमध्येही मी मनात करारनामेच जुळवत बसते. सवय सुटली."
सवय सुटली, असंच म्हणाली. मग म्हणाली, "पुढचं वाक्य सांगा."
आठवलं नाही.

३० सप्टेंबर, शनिवार
हेडमास्तरांचं वार्षिक व्याख्यान. निषेध म्हणून गेलो नाही. ही गेली. गुडघा दुखत असताना गेली. रात्री जेवताना कसं झालं म्हणून विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आमटी दोनदा घेतली.

१ ऑक्टोबर
दुपारी व्याख्यान सांगायला गेलो. ही कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर हेडमास्तर. आवाज पुरता वाढवलेला होता, तरी ती पुढे झुकली होती. मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. "थांबा, संपू दे," म्हणाली.
ती उठून गेल्यावर पाहिलं. खाली एकच ओळ होती, मागच्या खुर्चीची: "संपलं कधी, कळलंच नाही."

निर्णय: साइट उद्यापासून पुन्हा बंद. मुलीची परीक्षा आहे.
पासवर्ड बदलायला हवा. तासभर बसलो आहे. दुसरं काही सुचत नाही.