कडूबाच्या फोटोत नसलेला हात

मस्तगड, जालना
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तीर्थपुरीत तुम्ही सगळे बरे असाल. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता ठीक आहे. स्टुडिओत लग्नसराईची गडबड आहे. रोज फोनवर बोलणारा दादा एकदम पत्र काय लिहायला लागला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी शेपूट घालतो, म्हणून लिहितोय.

संभाजीनगरला माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाला गर्दी बरी आहे. उद्घाटनाला एका मुलीने माईक पुढे केला आणि विचारलं, "सर, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" सर म्हटल्यावर माणूस फुगतोच. मी सांगितलं, इतरांची प्रदर्शनं बघतो, एसटीने गावोगाव हिंडतो, आणि जिथे वाजतं-गाजतं तिथे पुढे जाऊन बसतो. खोटं नव्हतं ते. जाफराबादच्या गाडीत खिडकीशी बसून मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या वर्गात शिकलो नाही. टाळ्या पडल्या. मागे भिंतीवर हलगीवाल्या कडूबाचा फोटो होता, तोच जो पेपरात आला. जो तो त्याच्यापुढे थांबून म्हणतो, डोळे बघा म्हाताऱ्याचे, काय आनंद आहे! कशाकडे बघतोय हा? मी सांगायचो, तालात हरवलाय.

पेपर बघून तुझा फोन आला. "दादा, हे आपले कडूबा ना? माझ्या लग्नातले?" मी म्हणालो, "न्हाई गं, दुसऱ्या एका लग्नातले." तुला लगेच पटलं. वर म्हणालीस, येत्या रविवारी आईला घेऊन फोटो बघायला येते.

तो फोटो तुझ्याच लग्नातला आहे.

तुझ्या लग्नाआधी आठवडाभर मी पुण्याला एक प्रदर्शन पाहून आलो होतो. नुसते वादकांचे चेहरे, अगदी जवळून. डोक्यात तेच. त्यात तुझ्या मांडवापुढे कडूबाने हलगी जाळावर शेकून अशी कडक वाजवली की मी लांबची लेन्स लावली आणि त्याच्यावरच खिळलो. मोबाईल काढलेल्या पोरांवर ओरडलो, "मोबाईल खिशात घाला, फ्रेममध्ये येतात! मी हाय ना!" म्हणून तर कुणाकडेच त्या वेळचा फोटो नाही.

आणि तेव्हाच काका नाचले. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहणारे, बँडकडे पाठ करून बसणारे काका, तुझे बाबा, हात वर करून कडूबापुढे गेले. मिनिटभर नाचले असतील. तू ओरडलीस, "दादा, बाबाचा घे ना! बाबा नाचून राह्यले!"

मावशीला, तुझ्या आईला, मी सांगितलं होतं की आवाजात काही कळलंच नाही. मला कळलं होतं, तृप्ती. मी तुझ्याकडे न बघता हात करून तुला गप्प केलं. वाटलं, कडूबाचा एवढा एक घेतो, मग काकांचा. वळलो तोवर ते उपरण्याने तोंड पुसत खुर्चीवर बसले होते.

त्याच वर्षी दिवाळीत काका गेले. नाचतानाचा एखादा तरी आला असेल म्हणून तुम्ही फोटो मागितलात तेव्हा मी सांगितलं, कॅमेऱ्यातलं त्या दिवशीचं कार्ड खराब झालं. कार्डाला काही झालेलं नव्हतं. त्यावर कडूबाचे सत्तावीस फोटो आहेत. तू उलट मलाच समजावलंस, दादा, मशीनच ते, वाईट वाटून घेऊ नको. त्या दिवशी खरं बोललो असतो तर एकदाच शिव्या खाल्ल्या असत्या.

परवा कडूबाला फोटो द्यायला त्याच्या गावी गेलो. त्याने तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाला, "फोटू झकास हाय. पण काकासाहेब कुठं गेले? म्या त्यांच्याकडंच पाहून हसून राह्यल्तो." 

आता जे लिहितो ते लिहायलाच हे पत्र आहे. मूळ फोटोत डाव्या कडेला काकांचा हात आला होता. वर उचललेला, पांढरी बाही, मनगटावर तुझ्या पहिल्या पगाराचं घड्याळ. चेहरा नाही, हातच. गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी फोटो नीट करताना मी तो कापला. पांढऱ्या बाहीकडे नजर जाते म्हणून. हात कुणाचा आहे हे मला माहीत होतं. काका गेलेत हेही माहीत होतं. तुझ्याशी आदल्याच दिवशी बोललो होतो, तरी कापला. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही, याची आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

पूर्ण फोटो सोबत पाठवतोय. प्रदर्शनातला उतरवून उद्या हाच लावणार आहे, खाली काकांचं नाव लिहून. याने माझं काही फिटत नाही. तू रविवारी यावंस असं म्हणायला तोंड नाही, येऊ नकोस म्हणायला तर मुळीच नाही.

मावशीला तू सांगू नकोस, ते काम माझं आहे. शनिवारी पहिल्या गाडीने जाफराबादला जातो. तिने ताट वाढायच्या आत सांगायला हवं. तिच्या हातची भाकरी खाल्ली की माझं तोंड उघडत नाही. अडीच वर्षं मी असाच जेवून परत येतोय.

तुझा अपराधी,
आदिनाथ