उघड्यावरच्या विमानाची पुढची व्यवस्था

मी, उदयसिंह नाथाजी निकम, सेवानिवृत्त मेजर, राहणार सातारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, कारण विमान घेतल्या दिवसापासून चिरंजीव जयराज यांना माझ्या डोक्याविषयी शंका आहे.

१. सांगलीकडची उसाची जमीन जयराजला, साताऱ्यातील घर कन्या सईला. यावरून भांडू नये. भांडायला विमान आहेच.

२. धावपट्टीच्या कडेला उघड्यावर बांधलेले माझे दोन आसनी विमान सईला द्यावे; तिच्याकडे उडवण्याचा परवाना आहे. जयराजने ते महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या गच्चीवर शोभेला ठेवण्याचा सौदा ठरवला आहे. तो मोडावा. त्यापायी बहीण-भाऊ दिवाळीलाही बोलले नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

३. विमान धुताना आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच मऊ सुती फडके लावावे. पक्ष्यांची घाण खरवडू नये, भिजवून काढावी. इंजिनात साळुंक्या घरटे करतात, म्हणून त्याच्या हवेच्या तोंडांना झाकणे लावावीत. धावपट्टीलगतचा गुंडा नावाचा शेतकरी नेमका वारा आपल्याकडे असताना उसाचे पाचट जाळतो आणि काजळी पंखांवर पडते. सांगून थकलो. त्याला माझी फाटकी ताडपत्री द्यावी, बाकी काही नाही.

४. समोरच्या काचेबद्दल. ही काच म्हणजे मऊ प्लॅस्टिक असते. गेल्याच्या गेल्या खंडेनवमीला मी पत्नी राहीला प्रथमच वर नेणार होतो. मी पूजेचा हार आणायला गेलो, तेवढ्यात तिने घरून आणलेली राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती काच घासून काढली. परतलो तर सगळी धुरकट. "आवं, देवाची भांडी राखंनंच लख्ख निघत्यात. ह्येलाच काय झालं?" म्हणाली. समोर ऊन आले की त्यातून काही दिसेना. नवी काच मागवली. ती पोचायच्या आत राही गेली.

नवी काच खोक्यातच आहे. जुनीवर राहीच्या हाताचे गोल गोल ओरखडे आहेत. रोज पुसताना मी त्यांवरून बोटे फिरवतो. ती बदलणे मला जमले नाही. मला राहीची फार आठवण येते. हे अशा कागदात लिहायचे असते की नाही, ठाऊक नाही.

५. माझ्यामागे सईने नवी काच बसवावी. पहिल्या उड्डाणाला जयराजने शेजारी बसावे, कितीही भीती वाटली तरी. म्हसवडवरून जावे. त्यांच्या आईचे माहेर तिथले. त्या खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तिने मला विचारले होते, "आमचं घर वरनं दिसंल का? दारात आई बसल्याली वळखू यील?" तिची आई जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. मी "येईल" म्हणालो. मुलांनी तिथे पोचल्यावर उंची थोडी कमी करावी आणि दाराकडे बघावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) उदयसिंह नाथाजी निकम

साक्षीदार:
१. (सही) शंभूराज घोरपडे, पलटणीतले जुने सोबती
२. (सही) डॉ. अश्लेषा लिमये

सातारा, ४ फेब्रुवारी २०२५