छबूसाठी पाखरू

कुंभार पिंपळगाव
ता. ९ एप्रिल १९७५

चि. सौ. झुंबर हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं कार्ड पोचलं. छबूला चौथं वर्ष सरत आलं तरी ती बोलत नाही, आणि दिवाळीपर्यंत बोलली नाही तर रामकिसनरावांना दुसरी बायको करू, असं तुझ्या सासूबाई गिरिजाबाई म्हणाल्या. हे एका ओळीत लिहून पुढं तू लगेच पापडाचं लिहिलंस. मला त्या ओळीच्या पुढं जाता येईना.

पोपटाचं उष्टं खाल्लं की लेकराची जीभ सुटते, हे गिरिजाबाईंचं म्हणणं इथंही सगळे मानतात. पाखरू मी पाठवतो, पण कोणतं, याचा घोर लागला होता. तित्तर नुसता ओरडतो. मुनिया दिसायला गोड, पण चिवचिवीपलीकडं काही नाही. कबुतरं धाडली तर घर ओस पडतं म्हणून मलाच बोल लागेल. म्हणून लिंबाच्या ढोलीतलं राघूचं पिल्लू काढलं. नर असावा. पण गळ्याला कंठ फुटायला लई वेळ आहे, तेव्हा खात्री देत नाही.

अप्पाराव भुसार घेऊन जालन्याला येतात, त्यांच्यासोबत देतो. हरभऱ्याची डाळ भिजवून द्यावी. पिंजरा उंच टांगावा. सांजेला वर फडकं टाकावं. पाणी शिळं नको. पोचल्याचं जल्दी कळव, तोवर मला झोप नाही. बापाचा विसर पडू देऊ नकोस.

तुझा बाबा
पुंजाराम


जुना जालना
ता. २४ जुलै १९७५

ती. बाबांस झुंबरचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. राघू चांगला रुळला. तुमच्या सूचना यांनी सगळ्यांना वाचून दाखवल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, व्याह्यांनी लेक दिली तेव्हा एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या. हेसुद्धा हसले.

आता राघू बोलतो. 'झुंबर, पाणी आण' एवढंच म्हणतो, पण अगदी सासूबाईंच्या आवाजात. मी दोनदा तांब्या भरून गेले. छबू त्यानं टोचलेलं फळ रोज खाते, त्याच्याकडं बघून हसते. बोलत नाही. सासूबाई म्हणतात, पाखराला अक्कल आली, लेकराला येईना.

मागच्या आठवड्यात बदनापूरचे पाहुणे मुलीचं स्थळ सांगायला आले होते. चहा मीच केला.

जिवाला लावून घेऊ नका. आहे तशी माया ठेवा.

तुमची झुंबर


कुंभार पिंपळगाव
ता. २ ऑगस्ट १९७५

चि. सौ. झुंबर हिस आशीर्वाद.

वि. वि. मी येऊन रामकिसनरावांशी बोललो असतो, पण जावयासमोर माझा आवाज कापतो आणि भलतंच बोलून बसतो. माझ्या बोलण्यानं तुझंच नुकसान व्हायचं.

एक कर. पिंजरा खाली उतरवून छबूजवळ ठेवत जा. दोघांना एका ताटलीत खाऊ दे. शिळ्या उष्ट्याला गुण राहत नसेल, ताजं पोटात जावं. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. लवकर लिही, वाट बघायला लावू नकोस.

बाबा


जुना जालना
ता. २१ ऑगस्ट १९७५

ती. बाबांस झुंबरचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. हे पत्र शेजारच्या उषाबाईंच्या घरी बसून लिहिते. काल दुपारी मांजरानं राघू धरला. पिंजरा खाली होता, दार सैल राहिलं. राघू असा ओरडला की मी मोरीतून धावत आले, गल्लीतल्या बाया आल्या. छबू पिंजऱ्याकडं पाठ करून, अगदी जवळ, ज्वारीचे दाणे मांडत बसली होती. तिनं मान वळवली नाही.

सगळे पांगल्यावर मी तिच्या मागं परातीवर लाटणं आपटलं. बाबा, तिला ऐकू येत नाही. आपला एक शब्द तिच्या कानी गेलेला नाही, मंग ती बोलेल कुठून?

हे मी कोणाला सांगितलं नाही. जीभ सुटेल अशी आशा आहे तोवरच बदनापूरची बोलणी थांबलेली आहेत. हिला ऐकूच येत नाही हे कळलं, तर दिवाळीचीही वाट बघणार नाहीत. मला न्यायला येऊ नका. एकदा मी माहेरी आले तर परत यायला दार राहणार नाही. दुसरं पाखरू पाठवा. तुमची पत्रं हे मोठ्यानं वाचतात, तेव्हा सगळ्यांनी ऐकावं असंच लिहा. राघूला तुम्ही खाली ठेवायला सांगितलं, हे मनात आणू नका.

तुमची झुंबर


कुंभार पिंपळगाव
ता. ३० ऑगस्ट १९७५

रा. रा. रामकिसनराव यांस पुंजाराम यांचा रामराम.

वि. वि. राघू गेल्याचं अप्पारावांकडून कळलं. त्यांच्यासोबत मैना पाठवली आहे. राघू मुळातच उतावळा, त्याचं उष्टं कच्चं पडलं असेल. मैनेचं तसं नाही. ती वर्ष, दोन वर्षं नुसती ऐकत बसते आणि मंग घरच्या माणसासारखं बोलते. लेकराची जीभही त्याच चालीनं सुटते. तिला भिजलेली डाळ, पिकलं केळ आणि नाकतोडे द्यावेत. पिंजरा उंच टांगावा.

एक नेम मात्र बराबर पाळावा लागतो. मैना बोलेपर्यंत त्या घरात लग्नकार्य काढायचं नसतं, बोलणीसुद्धा करायची नसतात. मध्ये नेम मोडला तर केलेलं सगळं वाया जातं. आमच्याकडं हा नेम सगळे पाळतात. गिरिजाबाईंना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखवावं.

मैना दगावली तर लगेच कळवावं, दुसरी पाठवीन. नेमाची मोजणी मंग नव्यानं धरावी लागते. पाखरं इकडं पुष्कळ आहेत.

छबूच्या पाठीवरून हात फिरवावा. आमच्या लेकीवर लोभ राहू द्यावा.

आपला
पुंजाराम