आमटीची बादली

भोंगवलीजवळची वस्ती

तीर्थरूप सारजाआक्कास धाकट्या बाजीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला आणि रागीटपणा, यातलं काही कमी झालं का? मी खुशाल आहे. (सगुणा गेल्यापासून स्वयंपाक एकदा करतो आणि दोनदा खातो, एवढंच.)

तुला सासरी गुंजवण्यात बसून कळायचं नाही, पण धरणात घर गेल्यावर इथं येऊन एवढी वर्षं झाली, तरी भंडाऱ्याला मला पहिल्या पंगतीला बसवतात. "पाव्हणं, तुमी बसा आधी." (ऐकायला मान वाटतो. पण इथं गाववाले वाढतात आणि मागून जेवतात. आधी जेवतो तो परका.) ते एकमेकांना हाका मारत, चिडवत वाढतात आणि मी मुकाट्यानं लापशी खातो. फार एकटं वाटतं, आक्का.

गेल्या वर्षी धनाजीच्या पोल्ट्रीवर बिहारची माणसं कामाला आली आणि माझं नशीब उघडलं. पारावर जो तो म्हणू लागला, बाहेरची लोकं लई झाली. त्यांनी नेमकं काय केलं हे मात्र कुणाला सांगता येईना, कारण त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. मग मी सांगितलं. पाणी फार वापरतात, मोठ्यानं बोलतात, आपल्यात मिसळत नाहीत. (शोधावं लागलं नाही. मी नवा आलो तेव्हा माझ्याबद्दल जे बोलले ते सगळं मला पाठ होतं.) चिमाजी म्हणाला, "बाजीराव म्हंतो ते खरं हाय. आपल्या गावाचं कसं व्हायचं?" त्या 'आपल्या'पायी मी सगळ्यांना चहा पाजला.

त्या भंडाऱ्याला पहिल्या पंगतीत बिहारी बसले आणि आमटीची बादली माझ्या हाती आली. सुखारी म्हणून त्यांच्यातला थोरला. त्यानं नको म्हणून हात आडवा धरला, तरी मी ओतली. हात भाजला तरी तो हसला. म्हणाला, त्याचं गाव नदीनं नेलं. मी म्हटलं, माझं धरणात गेलं, म्हणजे सरकारी कामात. (मोठेपणा सुटत नाही.) पुढं रोज संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर यायचा. दिवसा मी पारावर त्याला नावं ठेवायचो आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर भाकरी खायचो. दोन्हीकडे करमत होतं.

पण मी इतकं छान बोललो की गावानं धनाजीला गाठलं, आणि त्यानं खरोखरच सगळ्यांना काढून टाकलं. सुखारी जाताना ओट्यावर आला होता. मी कडी काढली नाही.

यंदा भंडाऱ्याला चिमाजीनंच माझा हात धरला. "पाव्हणं, तुमी बसा आधी."

तुझा धाकटा भाऊ,
बाजी

ता. क. पुढच्या भंडाऱ्याला दाजींना घेऊन ये. तुम्ही पहिल्या पंगतीला बसलात की बादली मला मिळेल. वाढायला माणूस लागतोच.

पुन्हा ता. क. मला बादली मिळाली तर तू तिथं अनोळखी माणसांत बसशील, हे आत्ता सुचलं. राहू दे ती बादली. तू नुसती ये, मी तुझ्याशेजारी जेवायला बसतो.