आईची डावी बाजू

३ नोव्हेंबर १९७३, शनिवार

चाकणच्या बाजारात आज पुन्हा तेच! कांद्याच्या ढिगाशेजारी बसलेल्या हमालाचं मी दोन तास उन्हात बसून स्केच केलं. प्रमाण बरोबर, धोतराच्या चुण्या बरोबर, सगळं बरोबर. अरुंधतीनं वीस मिनिटांत दहा-बारा रेघा ओढल्या आणि तिच्याभोवती ही गर्दी! "आरं, ह्यो तर आपला बबनराव हाय!" मग एक म्हातारा माझ्या वहीत डोकावला. "हे बी झ्याक हाय पोरी. पर ह्यो कोन?"

कोण म्हणजे? बबनरावच!

येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. आजवर मी तिच्या विलायती ब्रशांना दोष देत आले — डॉक्टरची मुलगी, पुण्यात घर, तिला काय कमी. पण आज तिच्या हातात साधी पेन्सिल होती. तीही मीच दिलेली.

७ नोव्हेंबर, बुधवार

मुंबईच्या प्रदर्शनाला आमच्या वर्गातून एकच ऑइल पोर्ट्रेट जाणार. निवड जानेवारीत. सरांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी अरुंधतीकडे पाहिलं. मीसुद्धा.

मी आईला बसवणार.

११ नोव्हेंबर, रविवार

आईला बसवलं, नेहमीसारखं उजवीकडून. डाव्या गालावर, मानेवर आणि डाव्या हातावर तिला कोड आहे. आठ वर्षं झाली. घरात आम्ही तो शब्द काढत नाही, 'डाग' म्हणतो. आईला काही सांगावं लागत नाही. कुणी कॅमेरा काढला की ती आपोआप वळते आणि पदर मानेवरून ओढून घेते.

तीन तासांत चेहरा बसला. छान झालाय. बहुतेक.

१४ नोव्हेंबर

सर म्हणाले, "कॅलेंडरवरचं चित्र." एवढंच! आणि पुढच्या मुलाकडे गेले.

१८ नोव्हेंबर, रविवार

अरुंधती न सांगता चिंचवडला येऊन थडकली. सोबत रंगपेटी, कॅनव्हास, सगळं. तिला म्हणे कुणी बसायला मिळेना. "काकू, तुम्ही बसाल?" आणि आई लाजून हो म्हणाली!

मी चहा घेऊन बाहेर येते तो कानावर — "काकू, जरा खिडकीकडे वळा ना." खिडकीकडे म्हणजे डावी बाजू उजेडात. मी दारातच थांबले. वाटलं, आता आई काहीतरी निमित्त काढून उठेल. आई वळली. "पदर?" तिनं हळूच विचारलं.

"असू दे खाली. मला तो रंग हवाय."

रंग! आठ वर्षांत आमच्याकडे त्याला कुणी रंग म्हटलेलं नाही. चहा गार झाला.

२ डिसेंबर, रविवार

आज तिसरी बैठक. मी शेजारी बसून बघत होते. तो गाल पांढरा नाहीच म्हणे. "नीट बघ, गुलाबी आहे. कडेला हिरवट. आणि इथे नखभर पिवळा." बघितलं — आणि खरंच होता! रोज त्या हातचं जेवते मी, आणि मला नुसता पांढरा दिसत होता.

दोघी हसतात काय, बोलतात काय! लहानपणी आई विहिरीत पडली होती, तिच्या आत्यानं केसाला धरून वर काढलं. ती हे अरुंधतीला सांगत होती, तेव्हा मला कळलं. मी वीस वर्षांची झाले, मला कधी नाही सांगितलं! जळफळाट होतोय नुसता. उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं त्याला.

९ डिसेंबर

माझं चित्र सुरीनं खरवडून काढलं. पुन्हा पहिल्यापासून. उजवीकडूनच — डावीकडून केलं तर तिची नक्कल केली म्हणतील.

२३ डिसेंबर, रविवार

उजव्या गालावरही एकच रंग नाही! डोळ्याखाली जांभळट, कानाजवळ विटकरी, हनुवटीला खिडकीचा निळा. हे मला दिसतंय, माझं मला. आज पहिल्यांदाच ब्रश मागे राहिला आणि हात पुढे पळाला. तीन तास कसे गेले कळलं नाही.

पण हे बघायला शिकवलं कुणी? तिनंच. त्यातही तीच!

६ जानेवारी १९७४, रविवार

अरुंधतीचं चित्र पुरं झालं. आई समोर उभी राहिली, किती वेळ तरी. "मी अशी दिसते होय?" एवढंच म्हणाली. बाबा ओव्हरटाइमहून आले, तर हातही धुवू न देता त्यांना चित्रापुढे नेलं. बाबा म्हणाले, "अगं कुसुम, तूच की!" दोघं नव्या नवरानवरीसारखी हसत होती. माझं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं. ते कुणी वळवून बघितलं नाही.

रात्री आई म्हणाली, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं. तिनं ते सोडून दिलं होतं. बायका तिच्या बोटानं कुंकू लावून घेत नाहीत, करंडा हातात घेऊन आपलं आपण लावतात. "न लावेनात का," म्हणाली!

९ जानेवारी, बुधवार

अरुंधतीचं निवडलं. माझा दुसरा नंबर. सर म्हणाले, "मृदुला, तू फार सुधारलीस." सुधारलीस! मी काय वाया गेले होते?

११ जानेवारी, शुक्रवार

केलं.

शिवाजीनगर स्टेशनवर गाडीची वाट बघताना अरुंधतीला सांगितलं. म्हटलं, आईला ते चित्र चारचौघांत लावलेलं नकोय. माझं लग्न व्हायचंय, मुंबईत आमचे नातेवाईक आहेत, कोड बघून लोक बोलतील. तुझ्या तोंडावर सांगायला तिला संकोच वाटतो. एका शब्दाला अडखळले नाही मी! तिचा चेहरा उतरला. "काकूंना नको असेल तर नाहीच पाठवायचं," म्हणाली.

आई असलं काही बोलली नव्हती. लग्नाचा विषयही घरात नाही.

१४ जानेवारी, सोमवार

तिनं चित्र मागे घेतलं. कारण कुणालाच सांगितलं नाही, सरांची बोलणी खाल्ली. आता माझं जाणार! आईला सांगितलं तर तिनं लगेच शिरा केला, पाठीवरून हात फिरवला. "तुझं जातंय ना, झालं तर मग."

अरुंधतीनं मला तीळगूळ दिला. घेतला मी.

२० जानेवारी, रविवार

आईनं हळदीकुंकू रद्द केलं. बोलावणी झाली होती, ती स्वतः दारोदार जाऊन नको म्हणून सांगून आली. कंबर दुखते म्हणे. लाडू शेजारी वाटून टाकले. पदर पुन्हा मानेवरून घट्ट ओढलेला. थंडी आहे खरी.

अरुंधतीचं चित्र आईनं आमच्याकडेच ठेवून घेतलंय. कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळून.

२८ जानेवारी

माझं चित्र मुंबईला गेलं. बाबांनी कंपनीत पेढे वाटले.

२ फेब्रुवारी, शनिवार

अरुंधती आज ब्रश धुता धुता सहज म्हणाली, "तू स्टेशनवर सांगितलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते गं. तू बाजारात गेली होतीस. राहवेना म्हणून काकूंनाच विचारलं."

मी विचारलं, "काय विचारलंस?"

"तू म्हणालीस तेच सगळं. लग्नाचं, नातेवाइकांचं. त्यांनी पदर मानेवरून ओढून घेतला. मग म्हणाल्या — हो, मीच मृदुलाला तसं सांगायला लावलं. तिला बोल लावू नकोस."